दहा हजार फुटांवरची जमीन

वाघमोडेचं विमान नाक खाली घालून वाळूच्या दिशेनं निघालं होतं आणि मी वरून रेडिओवर त्याची थट्टा करत होतो. "मालोजीराव, पाणी प्यायला उतरताय का?" असं काहीतरी मी म्हणालो. उत्तर आलं नाही. विमान वळेना, सरळ होईना, नाक वर करीना. मग माझ्या तोंडची थट्टा पळाली आणि मी नुसतं "ओढ, ओढ, ओढ" म्हणत राहिलो. दहा-बारा सेकंद असेच गेले. अखेर विमानाच्या डोक्यावरची काच उडाली, आगीची एक चिळकांडी दिसली आणि वाघमोडे खुर्चीसकट बाहेर फेकला गेला. त्याचं पॅराशूट पुरतं उघडायच्या आत विमान वाळूत शिरलं होतं.

मी त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत हेलिकॉप्टरला जागा सांगत राहिलो. तो उताणा पडला होता. शेळ्यांचा एक कळप आणि त्यामागून एक म्हातारा धनगर त्याच्याजवळ येताना दिसला. त्या म्हाताऱ्यानं आपलं पागोटं सोडून वाघमोडेच्या तोंडावर सावली धरली आणि दुसऱ्या हातानं पॅराशूटच्या दोऱ्या खाऊ पाहणाऱ्या शेळ्या हाकलत तो तिथंच बसून राहिला. बऱ्याच वेळानं वाघमोडेनं एक हात वर केला, तेव्हा मला रडू आलं. ऑक्सिजनच्या मास्कमध्ये रडणं ही फार गैरसोयीची गोष्ट आहे. नाक पुसता येत नाही.

मी तेव्हा फ्लाइट लेफ्टनंट शशांक कारखानीस होतो, वय तिशीच्या आत, मुक्काम वाळवंटाच्या कडेचा एक हवाई तळ. आता मी ठाण्यात राहतो, प्रवासी विमानात आग्रहानं खिडकीची जागा मागतो आणि विमान टेकताना शेजारच्या आजोबांसारखाच खुर्चीचा हात घट्ट धरतो. त्या काळी मात्र मी स्वतःच्या प्रेमात होतो, आणि ते प्रेम एकतर्फी नव्हतं. मिशीला पीळ होता. विमानातून उतरल्यावर हेल्मेट काखेत कसं धरायचं याचा मी आरशासमोर सराव केलेला होता. माझ्या बायकोनं, मृदुलानं, एकदा तो सराव दारातून पाहिला आणि ती चहा ठेवायला निघून गेली.

मालोजी वाघमोडे नातेपुत्याकडचा. एनडीएत तीन वर्षं आम्ही एका खोलीत वाढलो. उंचीच्या परीक्षेत तो काठावर पास झाला होता, पण विमानात बसला की त्याच्याएवढा उंच माणूस आमच्या स्क्वॉड्रनमध्ये दुसरा नव्हता. मी चांगला वैमानिक होतो, तो फार चांगला होता. हे मी आज लिहू शकतो. तेव्हा मेलो असतो तरी बोललो नसतो.

त्या दिवशी आम्ही दोघं लुटुपुटीची लढाई खेळत होतो. एकानं पळायचं, दुसऱ्यानं मागे लागायचं. मागे लागलेल्याला चकवण्यासाठी वाघमोडेनं एक डाव शोधून काढला होता आणि त्याला नाव दिलं होतं गोफण. आधी विमानाचं नाक एकदम खाली दाबायचं. अंगातलं सगळं वजन क्षणभर नाहीसं होतं, पोट घशाशी येतं. मग त्याच दमात विमान हाकायची काठी कचकन मागे ओढून विमान बाजूला भिरकावायचं. मागचा गडी भलतीकडेच निघून जातो. वळताना अंगावर वजन येतं ते फार तर पाच जी, म्हणजे नेहमीच्या पाचपट. आम्ही लोक रोज सात-आठ जी खात होतो. पाच म्हणजे सकाळचा नाश्ता. पोट आणि मांड्या आवळून, श्वास कोंडून तो हप्त्याहप्त्यानं सोडत राहिलं की रक्त डोक्यातून उतरत नाही, हे आम्हाला झोपेतही जमत होतं, अशी आमची समजूत होती.

आता मावशीबद्दल सांगायला हवं. आमच्या काही विमानांत नुकतंच एक यंत्र चाचणीसाठी बसवलं होतं. विमान जमिनीवर आदळायच्या बेतात आहे आणि वैमानिक काहीच करत नाही असं दिसलं, की ते आधी बाईच्या आवाजात बजावायचं, आणि तरीही वैमानिक हलला नाही तर काठी स्वतःकडे घेऊन विमान सरळ करायचं, वर उचलायचं आणि टिंग असा आवाज करून पुन्हा वैमानिकाच्या हवाली करायचं. पडलेलं पोर उचलून, कपडे झटकून परत अंगणात सोडणाऱ्या बालवाडीतल्या बाईची वाघमोडेला आठवण झाली आणि त्यानं तिचं नाव मावशी ठेवलं. पंजाबी, तमिळ, बंगाली, सगळेच तिला मावशी म्हणू लागले. आणि आम्ही तिचा मनापासून तिरस्कार करायचो. मावशीनं ज्याला उचललं, त्यानं त्या संध्याकाळी मेसमध्ये गळ्यात लाळेरं बांधून जेवायचं, असा आमचा नियम होता. लाळेऱ्यावर बदक भरलेलं होतं. मला ते कधीच बांधावं लागलं नव्हतं, आणि ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगत असे.

वाघमोडेच्या विमानात मावशी अजून बसायची होती.

त्याचा जीव वाचला, पण बाहेर फेकणारी ती खुर्ची कोणाचे लाड करत नाही. पाठीचा एक मणका दबला होता. गळ्यापासून, खांद्यांसकट, कमरेपर्यंत प्लास्टरचं जाकीट घालून त्याला तळावरच्या दवाखान्यात फळीवर निजवलं होतं. हाड सहा-आठ महिन्यांत जुळेल आणि मग उडता येईल, असं डॉक्टर म्हणाले. मात्र उडू द्यायचं की नाही हे चौकशी समिती ठरवणार होती. त्यासाठी दुसऱ्या तळावरून ग्रुप कॅप्टन कुरियन नावाचे गृहस्थ आले होते. बारीक, शांत, सदा तोंडात पेपरमिंटची गोळी. ते कोणावर आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांची भीती जास्त वाटायची.

प्रश्न सरळ होता. आवाजाची टेप जळून गेली होती, आणि वाळूतून काढलेल्या नोंदीच्या यंत्रावरून एवढंच कळलं होतं, की गोफणीनंतरचे दहा-बारा सेकंद काठी कोणी हलवलीच नव्हती. मग एक तर शेपटीकडचं काही अडकलं होतं आणि काठी हलतच नव्हती, किंवा वाघमोडे हातपाय गाळून नुसता बसून राहिला होता आणि अगदी शेवटी घाबरून त्यानं चांगलं चालतं विमान सोडून दिलं होतं. पहिलं खरं असेल तर त्याचा दोष नव्हता. दुसरं खरं असेल तर त्याला पुन्हा लढाऊ विमानात कोणी बसवणार नव्हतं. उरलेली नोकरी कुठल्यातरी भांडारात टायर मोजत काढायची.

डॉक्टरांनी विचारलं होतं, भोवळ आली होती का? वाघमोडेनं स्वच्छ नाही म्हणून सांगितलं. कोणालाच त्यात शंका वाटली नाही. पाच जीला कोण भोवळून पडतं? मी तर साक्ष देताना कुरियनसाहेबांना म्हणालो, की पाच जीला माझ्या सासूबाईंना बसवलं तरी त्या विणकामाचा टाका चुकणार नाहीत. ते हसले नाहीत. त्यांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा मृदुलानं दिलेलं वालाचं बिरडं डब्यात होतं. वाघमोडेला उठून बसता येत नव्हतं, म्हणून मी चमच्यानं भरवत होतो.

"मला सगळं आठवतंय," तो मध्येच म्हणाला. "नाक दाबलं, काठी वढली, समोर वाळू दिसली, खुर्चीचं हँडल वढलं. हे एवढंच. ते म्हणत्यात मधी दहा सेकंद हायती. मला ती गावंनात."

मी म्हणालो, काठीच अडकली असणार.

"अडकली असती तर मी तिच्याशी झटलो असतो की. हात दुखलं असतं. हात दुखंनात." त्यानं मान वळवायचा प्रयत्न केला, पण प्लास्टरनं वळू दिली नाही. "भ्यालो असंन, कारखानीस. भ्यालो असंन तर भ्यालो, त्याचं काय एवढं नाय. पर मला भ्यालेलं आठवंना. त्याचं काय करू?"

मी त्याला बिरड्याचा आणखी एक चमचा भरवला. आपल्या मित्राला स्वतःचाच विश्वास वाटेनासा झालाय हे बघणं मला सोसत नव्हतं, आणि मला जे सोसत नाही त्यावर मी नेहमी एकच इलाज करत आलोय. मी काहीतरी भव्य करायचं ठरवतो.

दुसऱ्या दिवशी मी कुरियनसाहेबांपुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, मला तीच गोफण पुन्हा करून बघू द्या. त्याच जातीचं विमान, तेवढाच वेग, तेवढंच वजन. फक्त खूप उंचावर. आणि मावशी बसवलेलं विमान द्या, पण तिला सांगा की जमीन दहा हजार फूट वर आहे. चाचणीसाठी यंत्राला अशी खोटी जमीन देता येत असे. मावशी त्या नसलेल्या जमिनीची राखण करायची आणि खरी जमीन तिच्याही खाली दोन मैल उरायची. नाक खरोखर अडकत असेल तर तिथं अडकेल आणि आपल्याला कळेल. कुरियनसाहेबांनी दोन दिवस विचार केला, इंजिनियरांशी बोलले आणि परवानगी दिली.

मी घरी येऊन ही बातमी मोठ्या ऐटीत सांगितली. मृदुला मेथी निवडत होती. ती म्हणाली, "आणि अडकलं नाही तर?"

मी म्हणालो, अडकणारच.

"तू गेलास, केलंस आणि व्यवस्थित परत आलास, तर वाघमोडे भावोजींचं काय होईल याचा विचार केलायस का?"

केला नव्हता. खरं सांगायचं तर मी तोवर परत येताना हेल्मेट कुठल्या काखेत धरायचं इथपर्यंतच पोचलो होतो. ती मेथीच्या काड्या गोळा करून उठली. पण त्या रात्री मला पहिल्यांदाच असं वाटलं, की उद्या माझं विमान बिघडलं तर बरं होईल. असं वाटणारा वैमानिक जगात मी एकटाच असेन.

सकाळी मी उडालो. त्या उड्डाणातलं मला जे आठवतं ते असं. आभाळ निरभ्र होतं. ठरलेल्या उंचीवर गेलो, वेग जमवला, रेडिओवर सुरू करतो म्हणून कळवलं. नाक दाबलं. पोट घशाशी आलं, कुठूनतरी एक पेन्सिल तरंगत वर आली. कचकन काठी मागे ओढली. अंगावर वजन आलं, डोळ्यांच्या कडेनं जरा अंधारलं, ते रोजचंच. मग समोर वाळू दिसली, विमान खाली चाललेलं. मी दातओठ खाऊन काठी पोटाशी घेतली, आणि नाक असं सुरेख वर आलं म्हणता, सांगायच्या आधीच ऐकल्यासारखं. विमान क्षितिजावर सरळ झालं. खोटी जमीन अजून खाली होती. मावशीनं तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

आयुष्यात विमान इतकं देखणं मी कधी उचललं नव्हतं. मला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तो अभिमान उतरायच्या आतच बाकीचं लक्षात आलं. काठी अडकत नव्हती. विमानात काही बिघाड नव्हता. जे मी केलं ते वाघमोडेला करता आलं असतं, आणि त्यानं केलं नव्हतं. मी माझ्या हातांनी माझ्या मित्राला भांडारात टायर मोजायला बसवलं होतं. परतीच्या वाटेवर मी स्वतःला शिव्या घातल्या, आणि खोटं कशाला बोलू, मध्येच एकदा ते नाक कसं वर आलं हेही आठवून पाहिलं.

उड्डाणानंतर त्याची चिरफाड करायची आमच्याकडे एक खोली होती. तिथं खांद्यावरचे हुद्द्याचे पट्टे दारात काढून ठेवायचे, म्हणजे धाकट्यानं थोरल्याला बोलायला हरकत नाही. आणि तिथला एक नियम कोणी मोडत नसे. ज्यानं उड्डाण केलं त्यानं आधी फळ्यावर ते काढायचं, आपण काय केलं ते सांगायचं, आपल्या चुका आपल्या तोंडानं मोजायच्या. त्यानंतरच टेप लावायची. टेपमध्ये विमानाच्या नाकासमोरचं चित्र, आकडे आणि वैमानिकाचा आवाज असायचा. आधी बघायची कोणालाही मुभा नव्हती, खुद्द वैमानिकालाही नाही. माणसाला काय वाटतं ते आधी ऐकायचं, काय घडलं ते मागाहून बघायचं.

दाराशी वाघमोडे उभा होता. त्यानं हट्ट धरून स्वतःला आणवून घेतलं होतं. प्लास्टरमुळे त्याला नीट बसता येत नव्हतं, म्हणून भिंतीला टेकून खांबासारखा उभा.

"नाक आलं वर?" त्यानं विचारलं.

"आलं."

"बरं झालं," तो म्हणाला. "म्हंजे मीच."

तो हे अगदी साध्या आवाजात बोलला, नळ आला का असं विचारावं तसा. मला त्याच्या डोळ्यांकडे बघवेना. मी आत जाऊन खडू उचलला.

फळ्यावर मी गोफण काढली. चित्रकला माझी चांगली होती आणि दुःखातही ती लपत नव्हती. नाक इथं दाबलं, इथं ओढलं, इथून विमान खाली चाललं, इथं मी काठी पोटाशी घेतली, इथं विमान सरळ. काठीत कुठं अडथळा जाणवला नाही. कुरियनसाहेबांनी विचारलं, चुका? मी म्हणालो, सर, माझ्या लक्षात आलेली एकही नाही. मागे भिंतीपाशी प्लास्टर जरासं करकरलं.

मग टेप लागली.

पडद्यावर क्षितिज आलं. माझा आवाज आला, सुरू करतो. नाक खाली गेलं. नाक वर ओढलं गेलं, आकडा पाचाच्या जरा पुढे गेला, आणि माझा श्वास ऐकू येऊ लागला. हिक्, हिक्, शिकवल्याप्रमाणे. तिसरा हिक् आलाच नाही. त्याच्या जागी एक लांब सुस्कारा आला, दुपारी जेवून आडवं होताना टाकावा तसा. आणि मग सबंध खोलीत, चांगल्या मोठ्या कर्ण्यांतून, एक आवाज घुमायला लागला. घर्र. थांबायचं. घर्र.

पडद्यावर विमान नाक खाली घालून निवांत चाललं होतं. कुरियनसाहेबांनी गोळी चघळायची थांबवली आणि यंत्राचा हा काय आवाज आहे असं विचारलं. मागून वाघमोडेनं हिंदीत सांगितलं, सर, हे यंत्र नाही, हा कारखानीस आहे, मी तीन वर्षं ह्याच्या शेजारच्या खाटेवर काढली आहेत.

घर्र. आकडे भराभरा उतरत होते. मग ती बाई बोलली. पुल अप, पुल अप. तिला उत्तर म्हणून आणखी एक घर्र. पुल अप. आणि मग विमान आपणहून सरळ झालं, नाक त्याच त्या सुरेख पद्धतीनं वर आलं, क्षितिज जागेवर बसलं, आणि टिंग. त्यानंतर जरा वेळानं माझा दातओठ खाल्ल्याचा आवाज. आणि त्यानंतर, स्पष्ट मराठीत, माझंच बोलणं.

"वा! काय उचललंय! मानलं बुवा तुला."

कुरियनसाहेबांनी टेप थांबवायला सांगितली. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, की शेवटचं वाक्य त्यांना कळलं नाही, तर त्याचा अर्थ काय? मी माझ्या आयुष्यात पुष्कळ भाषांतरं केली आहेत, पण एवढं कठीण कुठलंच नव्हतं. सावधान उभा राहून मी इंग्रजीत सांगितलं की सर, वैमानिक स्वतःची प्रशंसा करतो आहे.

कोणी हसलं नाही. एरवी अख्खी खोली जमिनीवर लोळली असती, पण लाळेऱ्याचं कोणी नावही काढलं नाही. कारण कुरियनसाहेब पुढे झुकले होते आणि त्यांनी फार हळू आवाजात मला विचारलं, की या सबंध उड्डाणातलं तुला नेमकं काय काय आठवतं?

"मला सगळं आठवतंय, सर," मी म्हणालो.

आणि म्हणता म्हणताच ते मला ऐकू आलं. फळीवर निजून, तोंडात बिरडं घेऊन वाघमोडे मला हेच म्हणाला होता. माझ्या आठवणीत कुठंही भोक नव्हतं. नाक दाबलं, काठी ओढली, समोर वाळू दिसली, मी विमान उचललं. मधल्या सेकंदांची दोन्ही टोकं डोक्यानं आपली आपणच जोडून टाकली होती, आणि वर मी न केलेला पराक्रम मला बक्षीस दिला होता. वाघमोडेच्या डोक्यानंही टोकं तशीच जोडली होती. फक्त त्याच्या वाट्याला पराक्रमाऐवजी भ्याडपणाची शंका आली होती. त्याच्याजवळ मावशी नव्हती. तो स्वतः जागा झाला, वाळू बघितली आणि उरलेल्या एवढ्याशा वेळात एकच शहाणपणाची गोष्ट करता येण्यासारखी होती ती त्यानं केली.

मी हे सगळं नीट, मुद्देसूद सांगितलं असं मला म्हणायला आवडेल. प्रत्यक्षात मी फळ्याकडे बोट करून "सर, म्हणजे हा, म्हणजे मी, म्हणजे हा" असं काहीसं म्हणालो. ते त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी उठून फळ्यावर माझ्या सुंदर चित्रातल्या पहिल्या वळणाला, नाक दाबतात त्या जागी, खडूनं एक गोल केला. आधी अंग हलकं करून लगेच वजन टाकलं की पाच जीसुद्धा माणसाला निजवतात, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं. गोफण त्या दिवसापासून बंद झाली. अहवालात वैमानिकाचा दोष नाही असं आलं. वाघमोडेचा मणका जुळला, तो पुन्हा उडाला आणि माझ्याहून जास्त वर्षं उडत राहिला.

पण हे पुढचं. त्या सकाळी सगळे उठून गेले, दारातले आपापले पट्टे उचलून खांद्यावर लावत. जाताना जो तो वाघमोडेच्या प्लास्टरवर हलकेच थाप मारून गेला. माझ्याकडे कोणी बघितलं नाही, आणि ती त्यांची मेहेरबानीच होती. मी फळा पुसायला घेतला. चित्र पुसून झालं, फडकं झटकून झालं, तरी वाघमोडे आपला भिंतीला टेकून उभाच.

"परत लाव," तो म्हणाला.

मला वाटलं तो माझी टिंगल करतोय, आणि करायचा त्याला पूर्ण हक्क होता. मी टेप मागे घेतली आणि लावली. तो पाय ओढत, ताठच्या ताठ, यंत्राजवळ आला. वाकता येत नव्हतं, म्हणून कर्ण्याच्या दिशेला अख्खा कलून उभा राहिला. हिक्, हिक्, सुस्कारा. घर्र. त्यानं डोळे मिटले होते. दुसऱ्या घर्रला त्याची हनुवटी थरथरायला लागली. मी खिडकीकडे बघू लागलो, पण मला तिथंही काही धड दिसेना.

"मी बी असाच घोरलो असंन?" त्यानं विचारलं.

"माझ्यापेक्षा मोठ्यानं."

"म्हंजे भ्यालो नव्हतो."

"झोपला होतास, लेका. गाढ झोपला होतास."

तो हसला. हसला की पाठीतून कळ जायची, म्हणून हसता हसता तो कण्हत होता आणि गालावरून पाणी ओघळत होतं, आणि प्लास्टरमुळे हात वर जात नव्हता म्हणून ते मी माझ्या रुमालानं पुसलं.

"परत लाव," तो म्हणाला.

मी टेप मागे घेतली आणि तिसऱ्यांदा माझं घोरणं लावलं.